एक फेरा, सहा कामं आणि सुटण्याची घंटा

जून उजाडला की घराघरात फ्रिजवर एक यादी चिकटते. वह्या, पुस्तकं, कव्हरचा कागद, लेबलं, कंपासपेटी, बूट-मोजे, रेनकोट, शिंप्याकडे टाकलेला गणवेश, दाखल्यांच्या झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो. यातलं एकेक काम पाहिलं तर पंधरा-वीस मिनिटांचं आहे. तरीही सगळी मिळून तीन-चार संध्याकाळी खातात, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी कळतं की तपकिरी कागद आणायचा राहिलाच.

कारण सरळ आहे. आपण यादी वस्तूंची करतो, वेळेची करत नाही. कोणत्या दुकानात काय घ्यायचं ते आपण ठरवतो. कोणत्या तासाला कुठे असायचं ते रस्त्यावर गेल्यावर ठरतं. खरेदीच्या दिवशी तीन गोष्टी आपल्या हातात नसतात. शाळा सुटण्याची घंटा, रस्त्यावरची गर्दी आणि पाऊस. घंटा पक्की असते, ती हलत नाही. गर्दी हलते, पण तिचा अंदाज बांधता येतो, कारण ती रोज त्याच वेळी त्याच जागी होते. पाऊस मात्र अंदाजापुरताच हाती लागतो. नियोजनही याच क्रमानं करायला हवं: आधी घंटा, मग गर्दी, मग पाऊस, आणि उरलेल्या जागेत दुकानं. आपण बहुतेकदा उलट्या बाजूनं सुरुवात करतो आणि घंटेला शेवटी धावतपळत गाठतो.

मे महिन्यात काय, जूनमध्ये काय

महाराष्ट्रात शाळा आणि मोसमी पाऊस जवळजवळ एकाच वेळी दारात येतात. २०२५ मध्ये राज्यातल्या शाळा १६ जूनला उघडल्या आणि उन्हाचा तडाखा लांबणाऱ्या विदर्भात २३ जूनला. पाऊस केरळात १ जूनला, पुण्यात १० जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोचावा, असं हवामान विभागाचं सर्वसाधारण वेळापत्रक आहे. म्हणजे शाळेआधीचा शेवटचा शनिवार-रविवार, खरेदीची सगळ्यात मोठी गर्दी आणि पहिला जोराचा पाऊस या तिन्ही गोष्टी एका आठवड्यात कोंबल्या जातात. हे वेळापत्रकही दरवर्षी पाळलं जात नाही. २०२५ मध्ये पाऊस २६ मे रोजीच मुंबई-पुण्यात दाखल झाला आणि ‘रेनकोट काय, जूनमध्ये घेऊ’ म्हणणारे सगळे एकाच दिवशी दुकानात भेटले.

म्हणून यादीचे पहिले दोन भाग महिन्यांनुसार करावेत. शाळेच्या सूचनेवर अवलंबून नसलेली खरेदी मे महिन्यातच उरकावी: रेनकोट, छत्री, कव्हरचा कागद, डबा, बाटली. जुन्या दप्तराची चेन बसवून घेणं हेही मेमधलंच काम. बूट मात्र घाईनं घेऊ नयेत. प्राथमिक शाळेच्या वयात पाऊल वर्षाकाठी जवळपास एक सेंटिमीटरपर्यंत वाढतं, त्यामुळे बूट जितके उशिरा घ्याल तितके ते जास्त दिवस पुरतात.

पुस्तकांचं गणित वेगळं आहे. पुण्यात २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेली ‘बालभारती’ राज्य मंडळाची पाठ्यपुस्तकं तयार करते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना ती समग्र शिक्षा योजनेतून मोफत मिळतात. तेव्हा दुकानाच्या रांगेत उभं राहण्याआधी शाळेत एकदा विचारावं. जुनी पुस्तकं घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहायला हवी. २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम बदलला आणि पुढच्या वर्गांचा टप्प्याटप्प्यानं बदलतो आहे. मोठ्या ताईचं पुस्तक धाकट्याला चालेलच असं आता धरून चालता येत नाही. एखादं पुस्तक लगेच मिळालं नाही तरी अडत नाही, कारण बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत असतात. पहिला आठवडा त्यावर निघतो.

७२० वाटांपैकी कोणती?

आता मुख्य प्रश्न. समजा, सहा कामं उरली आहेत: झेरॉक्स आणि फोटो, पुस्तकं, शिंपी, वह्या, मेमध्ये राहून गेलेला रेनकोट, बूट. ही किती वेगवेगळ्या क्रमांनी करता येतील? पहिल्या कामाला सहा पर्याय, दुसऱ्याला पाच, असं करत गुणाकार केला की उत्तर येतं ७२०. कामं आठ झाली तर ४०,३२०. दहा झाली तर ३६ लाखांच्या वर.

गणितात हा ‘फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न’ म्हणून ओळखला जातो. सगळ्या गावांना एकेकदा भेट देऊन कमीत कमी अंतरात परत कसं यायचं? ऐकायला सोपा, सोडवायला महाकठीण. १९५४ मध्ये डँट्झिग, फुलकरसन आणि जॉन्सन या तिघांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांसाठी तो सोडवून दाखवला, तेव्हा ती मोठी मजल मानली गेली. कुरिअर कंपन्या आणि घरपोच सामान देणारी ॲपं आजही रोज याच प्रश्नाशी झुंजतात.

घरच्या फेऱ्यात मात्र आपल्याला एक सोय आहे. आपल्या अडचणीच आपल्याला वाट दाखवतात. पाहा कसं.

पहिली अडचण म्हणजे काही कामांना मूल सोबत लागतं आणि काहींना ते नसलेलंच बरं. बूट मुलाच्या पायाशिवाय घेता येत नाहीत, रेनकोट दप्तरासकट अंगात घालून पाहावा लागतो. पुस्तकं, वह्या, झेरॉक्स आणि शिंपी यांना मूल लागत नाही. ती चार कामं घंटेपूर्वी आणि उरलेली दोन घंटेनंतर, एवढं ठरलं की ७२० पर्याय ४८ वर येतात.

दुसरी अडचण वजनाची. वह्यांचा कागद साधारण ५५ ते ६० ग्रॅमचा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढं. त्या हिशेबानं २०० पानी लाँग बुक अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतं आणि डझनभर वह्या तीन किलोच्या. हे ओझं सकाळी उचलून दिवसभर मिरवायचं काही कारण नाही. वह्या या चारांत शेवटी ठेवल्या की ४८ चे १२ उरतात.

तिसरी अडचण दुकानांच्या वेळेची. शिंपी अकराशिवाय शटर उघडत नाही, म्हणजे तो पहिला असू शकत नाही. राहिले ८. चौथी अडचण आभाळाची. ढग दाटलेले असतील तर घंटेनंतर आधी रेनकोट, मग बूट. राहिले ४.

सातशे वीसवरून चारवर. संगणक नको, कागद-पेन्सिलही नको. ‘सगळ्यात जवळचं दुकान आधी’ हा आपला नेहमीचा बाणा या सगळ्या अडचणींकडे काणाडोळा करतो. म्हणून तर जवळच्या दुकानात जाऊन बंद शटर पाहून यावं लागतं.

वह्यांच्या वजनाचा विषय निघालाच आहे तर एक जोड. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. पंचवीस किलोच्या मुलासाठी ही मर्यादा अडीच किलो होते. शाळेची हरकत नसेल तर २०० पानीऐवजी १०० पानी वह्या घ्याव्यात. खरेदीच्या दिवशी तुमचा हात आणि वर्षभर मुलाची पाठ, दोन्ही वाचतात.

फाटकापुढची रांग

शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापुढे जे होतं त्याला आपण ‘गर्दी’ म्हणून मोकळे होतो. त्या गर्दीचं गणित मात्र शिकण्यासारखं आहे.

समजा, शाळेच्या गल्लीतून मिनिटाला १२ गाड्या बाहेर पडू शकतात. सुटण्याच्या सुमारास वीस मिनिटं मिनिटाला १५ गाड्या आत येत राहिल्या. दर मिनिटाला ३ गाड्या तुंबतात. वीस मिनिटांत ६०. त्या बाहेर पडायला आणखी ५ मिनिटं. म्हणजे शेवटी आलेल्याला ५ मिनिटं थांबावं लागतं. फार नाही.

आता १५ ऐवजी १८ गाड्या येऊ द्या. वाढ फक्त २० टक्क्यांची. तुंबलेल्या गाड्या होतात १२०, आणि शेवटच्याला थांबावं लागतं १० मिनिटं. गाड्या पाचव्या हिश्श्यानं वाढल्या, खोळंबा दुप्पट झाला.

आता पाऊस पाडा. चालत आणणारे रिक्षानं येतात, स्कूटरवाले मोटार काढतात, म्हणून येणाऱ्या गाड्या १८. त्यात पाणी साचलंय, मुलं रेनकोटची बटणं लावत उभी आहेत, कुणी दार उघडं ठेवून हाका मारतंय. म्हणून बाहेर पडणाऱ्या गाड्या १२ वरून १०. तुंबारा १६० चा आणि थांबणं १६ मिनिटांचं. कोरड्या दिवसापेक्षा तिपटीहून जास्त. पाऊस रांगेला दोन्ही टोकांनी धरतो: गाड्या वाढवतो आणि वाट अरुंद करतो. ‘थोडासा पाऊस आला आणि सगळं ठप्प झालं’ या तक्रारीमागचं गणित हे एवढंच आहे.

अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६९ मध्ये अशाच चिंचोळ्या वाटेचा प्रश्न मांडला होता. सगळ्यांना एकाच वेळी पोचायचं असतं, वाट तर एवढीशी. मग प्रत्येकाला दोन किमतींतून एक निवडावी लागते: रांगेत उभं राहण्याची, किंवा हव्या त्या वेळेपेक्षा आधी नाहीतर नंतर पोचण्याची. १९९६ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं, ते माहितीच्या असमान वाटपासंबंधीच्या सिद्धान्तासाठी. पण वाहतुकीचा विचार करणाऱ्यांना ते या चिंचोळ्या वाटेमुळेच जास्त जवळचे वाटतात.

मुलाला आणणाऱ्याला यातून काय मिळतं? नंतर पोचणं ही किंमत आपण देऊ शकत नाही. मूल पावसात फाटकाशी उभं राहील. आधी पोचणं ही किंमत स्वस्त आहे. घंटेआधी पंधरा मिनिटं पोचणारा रांगेत अडकत नाही, रांग त्याच्या मागे लागते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे गाडी गल्लीत नेऊच नये. तीनशे मीटर अलीकडे लावून चालत जावं. ताशी साडेचार किलोमीटरच्या साध्या चालीनं तीनशे मीटरला ४ मिनिटं लागतात, आणि निघताना तुमची गाडी तुंबाऱ्याच्या बाहेर असते.

दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळांत एक जादा पेच असतो. दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास सकाळचं अधिवेशन सुटतं आणि त्याच वेळी दुपारचं भरतं. सोडायला आलेले आणि न्यायला आलेले एकाच फाटकाशी समोरासमोर येतात. त्यातच चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारनं २०२४ मध्ये घेतला. त्यामुळे बऱ्याच घरांत थोरल्याची आणि धाकट्याची सुटण्याची वेळ जुळत नाही. अशा घरानं दोन फेऱ्यांमधला वेळ मोजून त्यात एखादं जवळचं काम बसवावं. नाहीतर तो वेळ फाटकाशी फोन बघण्यात जातो.

पावसाचा अंदाज कसा वाचायचा

हवामान विभाग चोवीस तासांतल्या पावसाची वर्गवारी करतो. १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, त्यापुढे २०४.४ पर्यंत अति मुसळधार, आणि त्याहून जास्त असेल तर अत्यंत मुसळधार. पण हा आकडा सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ एवढ्या वेळाचा असतो. चाळीस मिलिमीटर पाऊस दिवसभर भुरभुरत पडला तर खरेदी आरामात होते. तोच पाऊस एका तासात कोसळला तर शहर थांबतं. मध्यम पाऊस म्हणजे मध्यम त्रास असं समीकरण नाही.

इशाऱ्यांचे रंगही नीट समजून घ्यायला हवेत. हिरवा म्हणजे काही करायची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे कृती करा. रंग पावसाच्या आकड्याइतकेच होणाऱ्या परिणामाबद्दल बोलतात. तांबड्या इशाऱ्याच्या दिवशी बऱ्याचदा प्रशासन शाळांना सुट्टी देतं किंवा मुलांना लवकर सोडलं जातं. तेव्हा त्या दिवशी खरेदीचा बेत नकोच, आणि बाराऐवजी दहाला शाळा सुटली तर कोण जाणार, हे आदल्या रात्री ठरलेलं असावं.

अंदाजाचा उपयोग तीन टप्प्यांत करावा. आठवड्याच्या अंदाजावरून दिवस निवडावा. आदल्या संध्याकाळच्या अंदाजावरून सकाळ की दुपार ते ठरवावं. आणि निघण्यापूर्वी पुढच्या तीन तासांसाठी दिला जाणारा तात्कालिक अंदाज पाहून फक्त कामांचा क्रम बदलावा. आठवडाभर आधीच्या अंदाजावरून ‘मंगळवारी चारला पाऊस’ असं तासानिशी ठरवणं व्यर्थ. ‘मौसम’ ॲपवर हे अंदाज मिळतात. विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे.

पुण्यासारख्या ठिकाणी एक साधी खूण पुष्कळ काम करते: पाऊस मोसमी आहे की वळवाचा? वळीव जमिनीच्या तापण्यातून जन्मतो. सकाळपासून ऊन जमीन तापवतं, दमट हवा वर चढते, दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात आणि तीन-चारनंतर विजांसह कोसळतात. अशा दिवसांत सकाळ जवळजवळ हमखास कोरडी असते. मोसमी पाऊस स्थिरावला की हे वेळापत्रक मोडतं. तो दिवसरात्र केव्हाही येतो, पण पुणं घाटाच्या पर्जन्यछायेत असल्यानं सरी तुलनेनं हलक्या असतात. जूनमध्ये पुण्यात साधारण दीडशे ते पावणेदोनशे मिलिमीटर पाऊस होतो, तर मुंबईत सांताक्रूझला पाचशेच्या पुढे. थोडक्यात, वळवाच्या दिवसांत सकाळी निघा. मोसमी दिवसांत वेळेपेक्षा रेनकोट महत्त्वाचा.

मुंबईकरांना आणखी एक पान उघडावं लागतं: भरतीचं. शहराचं पावसाचं पाणी नाल्यांतून समुद्रात जातं. भरती मोठी असली की समुद्राची पातळी नाल्यांच्या मुखांहून वर जाते आणि पाणी बाहेर जाण्याऐवजी अडतं. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. हे दिवस अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येतात, दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांहून थोडा कमी वेळ असतो आणि रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आज बाराला भरती असेल तर उद्या ती पावणेएकच्या सुमारास. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातच दुपारची भरती होती. इतकी टोकाची वेळ क्वचितच येते, पण हिंदमाता चौक किंवा अंधेरीचा भुयारी मार्ग तुंबायला त्याच्या दहाव्या हिश्श्याचा पाऊसही पुरतो. मोठी भरती आणि नारिंगी इशारा एकाच दुपारी येत असतील तर ती दुपार घरीच काढावी.

वेगापेक्षा खात्री

टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुणं जगातल्या सर्वात संथ शहरांत चौथं होतं. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त, म्हणजे ताशी अठरा किलोमीटरचा वेग. ही झाली सरासरी. नियोजन फसतं ते सरासरीत नसलेल्या दिवशी.

कोथरूडहून अप्पा बळवंत चौकात पुस्तकांसाठी जायचं आहे असं धरू. स्कूटरनं कोरड्या दिवशी २५ मिनिटं, पावसात ४५, आणि गाडी लावायला जागा शोधण्याचा वेळ वेगळा. मेट्रोनं वनाजहून निघून सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची आणि कसबा पेठेत उतरायचं. चालणं धरून ४० मिनिटं, ऊन असो की पाऊस. वनाज ते गरवारे हा टप्पा मार्च २०२२ मध्ये, सिव्हिल कोर्टपर्यंतचा ऑगस्ट २०२३ मध्ये आणि तिथून कसबा पेठ, मंडईमार्गे स्वारगेटपर्यंतचा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. त्यामुळे पेठांतली शालेय खरेदी पहिल्यांदाच पावसापासून सुटी झाली.

सरासरी काढली तर स्कूटर जिंकते. पण पलीकडे घंटा वाजणार असेल तर सरासरी बघायची नसते, वाईटात वाईट वेळ बघायची असते. स्कूटरवाल्याला वीस मिनिटं राखीव ठेवावी लागतात, मेट्रोवाल्याला पाच. राखीव वेळ धरला की मेट्रोच जलद ठरते.

ओल्या रस्त्यावर स्कूटरला सावकाशच जावं लागतं, त्यालाही कारण आहे. ताशी ४० किलोमीटर वेगानं जाताना ब्रेक लावला, आणि कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७ तर ओल्यावर ०.४ धरला, तर गाडी कोरड्यात ९ मीटरवर थांबते, ओल्यात जवळपास १६ मीटरवर. ब्रेक दाबायच्या आधीच्या एका सेकंदात आणखी ११ मीटर जातात, ते वेगळेच. पहिल्या पावसात तर रस्त्यावरचं तेल आणि धूळ यांचा निसरडा थर तयार होतो आणि चौकाचौकात दुचाक्या घसरतात. चार वर्षांहून मोठ्या मुलाला मागे बसवताना हेल्मेट कायद्यानं सक्तीचं आहे. त्याहून लहान असेल तर हेल्मेटसोबत सुरक्षा पट्टा हवा आणि वेग ४० च्या आत. मागे बसून छत्री उघडणं तर सोडूनच द्यावं.

परतीची वेळ आणि सोडून द्यायचं काम

आता सगळं एका सकाळीत बसवू. मुलगी सहावीत, सकाळची शाळा, साडेबाराला सुटते. हिशेब घंटेपासून मागे करायचा. फाटकाशी सव्वाबाराला. त्याआधी शाळेजवळच्या दुकानात वह्यांसाठी पंधरा मिनिटं, म्हणजे बाराला तिथे. कसबा पेठेतून कोथरूडला ४० मिनिटं आणि राखीव ५, म्हणजे पुस्तकांच्या दुकानातून सव्वाअकराला बाहेर पडायचं. ही झाली परतीची वेळ. पुढचा हिशेब सोपा: साडेनऊला घराजवळ झेरॉक्स-फोटो, दहाच्या आत मेट्रो, साडेदहापासून पाऊण तास पुस्तकं.

परतीची वेळ कागदावर लिहावी आणि ती आली की काऊंटरपुढे तिसरा नंबर असला तरी निघावं. ‘आलोच आहोत तर’ हे तीन शब्द नियोजनाचे सगळ्यात मोठे शत्रू आहेत. त्या तीन शब्दांपायीच मंडईतून केळी आणि तुळशीबागेतून चिमटे घेतले जातात आणि फाटकाशी मूल वाट पाहत उभं राहतं.

शिंपी कुठे गेला? तो या सकाळीतलं सोडून द्यायचं काम आहे. सव्वाअकराऐवजी अकरालाच पुस्तकं हाती आली तर वाटेत शिंपी; नाहीतर संध्याकाळी पायी. प्रत्येक फेऱ्यात असं एक काम आधीच ठरवून ठेवावं, जे नाही झालं तरी दुसऱ्या दिवशी शाळेचं काही अडणार नाही. वेळ कमी पडल्यावर काय गाळायचं याचा विचार रस्त्यात केला तर नेमकं महत्त्वाचं काम गळतं.

घंटेनंतर मूल भुकेलेलं असतं हेही गणितात धरावं. पिशवीत एक खाऊचा डबा टाकला की पुढचा तास शांततेत जातो. मग रेनकोट, मग बूट. बूट घालून बघताना शाळेचेच मोजे पायात असावेत आणि उभं राहून अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे का ते पाहावं. पुस्तकं-वह्यांसाठी घरून दोन मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणलेल्या असाव्यात. कापडी पिशवीत भिजलेलं नवं पुस्तक वर्षभर फुगलेलं राहतं.

एकट्यानं का?

आतापर्यंतची सगळी बचत एका घराची होती. खरी बचत पुढे आहे. एका इमारतीत एकाच शाळेची चार घरं असतील आणि प्रत्येक घर पुस्तकं, वह्या, कव्हरचा कागद आणि लेबलं या चार कामांसाठी चार ठिकाणी जात असेल, तर फेऱ्या होतात सोळा. एकेका घरानं एकेक काम चौघांसाठी केलं तर फेऱ्या होतात चार. ठोक घेतल्यानं डझनाचा भावही खाली येतो.

फाटकाचंही तेच. वर पाहिलेल्या गणितात मिनिटाला १८ गाड्या यायच्या तेव्हा खोळंबा १० मिनिटांचा होता, १५ आल्या की ५ मिनिटांचा. म्हणजे सहातल्या एका घरानं जरी आपली गाडी न काढता शेजाऱ्यावर सोपवलं, तरी उरलेल्या पाचांचं थांबणं निम्म्यावर येतं. कोणत्याही ॲपनं सुचवलेली जवळची वाट एवढा वेळ वाचवत नाही.

तेव्हा या जूनमध्ये दुकानांची यादी करण्याआधी दोन ओळी लिहा: परतीची वेळ किती, आणि सोडून द्यायचं काम कोणतं. आणि मग शेजारच्या दाराची बेल वाजवून विचारा, ‘तुमच्या वह्या आम्ही आणतो, तुम्ही मंगळवारी आमच्या पोरीला घेऊन याल का?’